रस्ता ऐकू येऊ द्या: सायकलसाठी वायरलेस इअरफोन निवडताना

सायकलला आरसा क्वचितच असतो. मागून येणाऱ्या गाडीची पहिली खबर कानच देतो: टायरची घरघर, एसटीच्या इंजिनाचा आवाज, पिकअपचा हॉर्न. म्हणून सायकलसाठी इअरफोन घेताना गाणं किती गोड वाजतं हे नंतर बघायचं. इअरफोन लावल्यावर रस्ता किती ऐकू येतो, हे आधी. बाजारात जाहिरात मात्र नेमकी उलट्या गुणांची असते. ‘बाहेरचा आवाज पूर्ण बंद’, ‘दणदणीत बास’ हे गुण रेल्वेच्या प्रवासात उपयोगी आहेत. गेवराई-बीड रस्त्यावर तेच जिवावर बेततात.

दहा किलोमीटरवर कामाला जाणारे, रविवारी वेरूळपर्यंत फेरी मारणारे, २०० किमीच्या ब्रेव्हेची (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीची) तयारी करणारे, या सगळ्यांच्या गरजा वेगळ्या. निवडीचा क्रम मात्र सगळ्यांना सारखाच लागू पडतो.

पहिली पायरी: आपला रस्ता ओळखा

दुकानात जाण्याआधी आठवड्यात कोणत्या रस्त्यांवर किती वेळ जाता, हे लिहून काढा. घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच धरून ठेवणाऱ्या उपकरणावर, सायकल चालवत असाल तर कोणताही इअरफोन चालेल, आवाज बंद करणाराही. पुढचं सगळं रस्त्यावर जाणाऱ्यांसाठी.

शहरातला रस्ता, उदाहरणार्थ संभाजीनगरचा जालना रोड: इथे रिक्षा, दुचाकी, सिटी बस सगळ्या बाजूंनी येतात. इथे इअरफोन नकोच. कितीही चांगला असला तरी नको. गाणं बंद ठेवून फक्त वळणाच्या सूचना ऐकायच्या असतील तर कान पूर्ण उघडा ठेवणारा प्रकार हवा, आणि तोही हळू आवाजात.

राष्ट्रीय महामार्ग ५२ सारख्या रुंद रस्त्यावर कडेला जागा असते, पण गाड्यांचा वेग मोठा. ताशी ९० किमीने येणारी गाडी सेकंदाला २५ मीटर कापते. तिचा आवाज १०० मीटरवरून कानावर पडला तर तुमच्याकडे चार सेकंद असतात. तीस मीटरवरून कळला तर सव्वा सेकंद. इअरफोनच्या निवडीचं सगळं मर्म या तीन सेकंदांत आहे. (समृद्धी महामार्गावर सायकल न्यायलाच मनाई आहे, त्यामुळे तो प्रश्न येत नाही.)

गावाकडचे एकेरी डांबरी रस्ते वरवर शांत वाटतात, पण तिथलाच धोका सर्वांत फसवा. गाळप हंगामात, साधारण दिवाळीपासून मार्चपर्यंत, उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस साखर कारखान्याकडे जात असतात. मागची ट्रॉली झोल खाते, ऊस बाहेर लोंबत असतो, आणि ट्रॅक्टरवर टेप एवढ्या जोरात वाजत असतो की चालकाला तुमची घंटी ऐकू जाण्याची शक्यता नाही. अशा वेळी निदान तुमचे कान तरी मोकळे असलेच पाहिजेत. भर हंगामात कारखान्याच्या रस्त्याला लागलात की इअरफोन काढून खिशात ठेवा.

दुसरी पायरी: प्रकार निवडा

बाजारात पाच-सहा नावांनी माल मिळतो. सायकलवाल्यासाठी त्यात खरा भेद एकच आहे: कानाचं भोक बुजतं की मोकळं राहतं.

सिलिकॉनची टोपी असलेले, कानात आत घट्ट बसणारे बड बाहेरचा आवाज बराच अडवतात, तेही बंद असताना. हलक्या इलेक्ट्रिक गाडीचा, सायकलचा, पायी चालणाऱ्याचा आवाज तर कळतच नाही. रस्त्यावर हे वापरू नका. यातल्या महागड्या बडमध्ये बाहेरचा आवाज मायक्रोफोनने आत घेण्याची सोय असते, तिला ट्रान्सपरन्सी किंवा अँबियंट मोड म्हणतात. दुकानात ती छान चालते. सायकलवर तीन अडचणी येतात: मायक्रोफोनवर वारा आदळला की कानात खरखर घुमते, आवाजाची दिशा नीट कळत नाही, आणि बॅटरी संपली की कानात नुसतं बूच उरतं. हे बड आधीच घरात असतील तर चालण्यासाठी, प्रवासासाठी ठेवा.

टोपी नसलेले, कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे बड थोडे बरे, कारण फटीतून आवाज आत येतो. पण खडबडीत रस्त्यावर ते हमखास निसटतात. घसरलेला बड सावरायला एक हात हँडलवरून सुटतो, आणि नेमका तेव्हाच खड्डा येतो.

नेकबँड आपल्याकडे भरपूर खपणारा, स्वस्त आणि दणकट. बड कानातून निसटला तरी गळ्यात राहतो, बॅटरी बराच वेळ टिकते, बटणं खरीखुरी दाबायची असतात. त्याचे बड मात्र बहुतेक वेळा सिलिकॉनच्या टोपीचेच असतात, म्हणजे मूळ अडचण तशीच. शिवाय वेगात वायर वाऱ्याने मानेवर आपटत राहते आणि तिचा टकटक आवाज सरळ कानात जातो.

बोन कंडक्शन इअरफोन कानाच्या पुढे, गालाच्या हाडावर टेकतात. ते हाड थरथरवतात आणि ती कंपनं कवटीतून थेट आतल्या कानापर्यंत जातात. कानाचं भोक संपूर्ण मोकळं राहतं. दोन्ही बाजू डोक्यामागून जाणाऱ्या एका पट्टीने जोडलेल्या असतात, त्यामुळे पडायची भीती नाही. शॉक्झ कंपनीचं ओपनरन हे यातलं परिचित मॉडेल: वजन २६ ग्रॅम, एका चार्जवर ८ तास, आयपी-६७ दर्जा (धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा; तो पाचव्या पायरीत समजावला आहे). कमतरताही सांगायला हव्यात. बास जवळपास नसतो, आवाज वाढवला की गालाला गुदगुल्या होतात, आणि किंमत जास्त. बोलणं, बातम्या, कीर्तन, वळणाच्या सूचना यांसाठी मात्र याहून योग्य प्रकार नाही.

ओपन-इअर प्रकारात छोटा स्पीकर कानाच्या तोंडावर, न टेकता, अधांतरी धरलेला असतो. कानावरून जाणारा हुक किंवा कानाच्या पाळीला लागणारी क्लिप त्याला धरून ठेवते. गाणं बोन कंडक्शनपेक्षा भरीव ऐकू येतं, कानही मोकळा राहतो. हुकचा प्रकार सायकलवर क्लिपपेक्षा पक्का बसतो. वाऱ्याचा त्रास यात बोन कंडक्शनपेक्षा जास्त, कारण आवाज हवेतूनच येतो आणि वाऱ्याच्या आवाजाखाली दबतो.

नव्याने घेणाऱ्याला आमचा सल्ला: फेरी मुख्यतः महामार्गावर आणि लांब असेल तर बोन कंडक्शन, बजेट कमी असेल आणि वेग वीसच्या आत असेल तर हुकचा ओपन-इअर. बाकी प्रकार सायकलसाठी विकत घेऊ नका.

‘एकच कान लावतो’ हा उपाय पुष्कळजण सांगतात. एकच बड वापरायचा असेल तर डाव्या कानात, कारण आपल्याकडे मागची गाडी उजवीकडून पुढे जाते. पण हा अर्धाच उपाय आहे. आवाज कुठून येतोय हे मेंदू दोन्ही कानांची तुलना करून ठरवतो. आवाज एका कानात दुसऱ्यापेक्षा एक सहस्रांश सेकंदाहूनही कमी फरकाने लवकर पोचतो आणि किंचित मोठा असतो, तेवढ्यावर दिशा कळते. एक कान बुजला की गाडी आहे हे समजतं, कोणत्या बाजूला आहे हे समजायला उशीर लागतो. दोन्ही कान उघडे ठेवणारा प्रकार म्हणूनच सरस.

तिसरी पायरी: वाऱ्याचा हिशेब

नवा इअरफोन घेतलेला माणूस पहिल्याच फेरीत नाराज होतो तो वाऱ्यामुळे. वाऱ्याच्या बोगद्यात केलेल्या मोजणीत ताशी १६ किमी वेगालाही कानापाशी सुमारे ८५ डेसिबल आवाज आढळला आहे. आता तुमचा वेग २० आणि समोरून वारा १५ असेल तर कानाला लागणारा वारा ३५ चा. बालाघाटच्या पठारावर पाटोदा, भूम, वाशी भागात पवनचक्क्या उगीच उभ्या नाहीत; तिथे दुपारनंतर समोरचा वारा भेटला की उघड्या कानाच्या इअरफोनमधलं बोलणं कळेनासं होतं.

इथेच मोठी चूक होते: आवाज वाढवला जातो. कान मोकळा असला तरी आत मोठा आवाज चालू असेल तर बाहेरचा लहान आवाज त्याच्याखाली दबतो, म्हणजे उघड्या कानाचा फायदा संपला. शिवाय श्रवणाचं नुकसान वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा, आणि दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला पाचच. बोन कंडक्शनमध्ये कानाचा पडदा वापरला जात नाही म्हणून तो कितीही मोठा लावला तरी चालतो, हा समज चुकीचा आहे. आतल्या कानातल्या ज्या नाजूक पेशी झिजतात त्या दोन्ही प्रकारांत त्याच असतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत.

वारा जिंकतोय असं वाटलं की ऐकणं थांबवा. वारा कमी करायचा असेल तर हेल्मेटच्या पट्ट्यांवर, कानाच्या पुढच्या बाजूला, मऊ लोकरी कापडाच्या छोट्या गुंडाळ्या लावतात. त्याने भोवरे कमी होतात आणि बोलणं तर ऐकू येतंच, मागची गाडीही जास्त स्पष्ट कळते. सकाळी लवकर निघणं हा त्याहून स्वस्त उपाय.

चौथी पायरी: हेल्मेट, चष्मा आणि रुमालासकट घालून बघा

इअरफोन नुसता कानाला लावून पारखू नका. दुकानात जाताना स्वतःचं हेल्मेट आणि गॉगल सोबत न्या. लोक बघतील, बघू द्या.

घालण्याचा क्रम असा: आधी इअरफोन, मग हेल्मेट, हेल्मेटच्या पट्ट्या हुकच्या बाहेरून, आणि शेवटी गॉगलच्या काड्या पट्ट्यांच्याही बाहेरून. काढताना बरोबर उलटं. हेल्मेट आधी ओढून काढलं की पट्टीत अडकून बड उडतो आणि नालीत जातो.

बोन कंडक्शनची मागची पट्टी हेल्मेटच्या मागच्या घट्ट करायच्या चाकाला लागते का, ते बघा. मग सायकलवर बसल्यासारखं पुढे वाका आणि मान वर करून समोर पाहा. पट्टी मानेवर किंवा कॉलरवर टेकून पुढे ढकलली जात असेल तर लहान मापाची पट्टी मागा. उजव्या खांद्यावरून मागे वळून बघा. वीस वेळा मान हलवा, जागेवर दहा उड्या मारा. दहा-पंधरा मिनिटं तसंच राहा. कानाच्या मागच्या बाजूला किंवा कानशिलावर दुखायला लागलं तर दोन तासांच्या फेरीत ते सहन होणार नाही.

आपल्याकडची खास अडचण रुमालाची. उन्हाळ्यात तोंडाला रुमाल किंवा स्कार्फ, हिवाळ्यात कानटोपी. कानावर दोन पदर कापड आलं की उघड्या कानाचा इअरफोनही बंद कानासारखाच होतो, वर बोन कंडक्शनचं टोक हाडावरून सरकतं. रुमाल नाकातोंडापुरता बांधा, गाठ कानांच्या खालून मानेवर घ्या. थंडीत कान झाकायचेच असतील तर पातळ, एकपदरी पट्टी वापरा आणि त्या दिवशी इअरफोन राहू द्या.

पाचवी पायरी: घाम, धूळ, पाऊस

खोक्यावर आयपी असं लिहून पुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, ० ते ६, दुसरा पाण्याचा. आकड्याच्या जागी एक्स असेल तर त्या गोष्टीची चाचणी झालेली नाही एवढाच त्याचा अर्थ. आयपीएक्स-४ म्हणजे पाण्याच्या शिंतोड्यांना टिकतं, धुळीबद्दल काही सांगितलेलं नाही. आयपी-५४ मध्ये धुळीपासून बऱ्यापैकी संरक्षण येतं. आयपी-५५ पाण्याची हलकी धार सोसतं. आयपी-६७ धूळ अजिबात आत घेत नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं.

मराठवाड्यासाठी पहिला आकडा महत्त्वाचा धरा. पाऊस वर्षातले चार महिने, धुरळा बाराही महिने. किमान आयपी-५४ घ्या, जमलं तर ५५. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो आणि मीठ मागे राहतं. ते मीठ आणि काळ्या मातीची बारीक धूळ मिळून स्पीकरच्या जाळीवर पापुद्रा धरतो. आयपी चाचणी साध्या पाण्याने होते, खारट घामाने नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि बडला दर्जा असला तरी चार्जिंगच्या डबीला तो बहुधा नसतो. ओले बड डबीत टाकणं म्हणजे पाणी थेट चार्जिंगच्या टोकांवर सोडणं.

सहावी पायरी: बॅटरी, बटणं, ब्लूटूथ

कंपनीने लिहिलेले तास मध्यम आवाजावर, घरातल्या तापमानाला मोजलेले असतात. त्यातून पाव भाग वजा करा. सुट्या बडच्या खोक्यावर ‘४० तास’ दिसले तर ते डबीसकट असतात. एका दमात किती, हा आकडा वेगळा शोधा. २०० किमीच्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणजे आठ तासांचा इअरफोनही पूर्णवेळ पुरत नाही. तो पुरायची गरजही नाही: दुपारच्या कंटाळवाण्या सरळ पट्ट्यासाठी राखून ठेवा. मात्र स्पर्धेत किंवा ब्रेव्हेत इअरफोनला परवानगी आहे का, हे आयोजकांचे नियम वाचून ठरवा. फ्रान्समध्ये तर १ जुलै २०१५ पासून सायकलस्वाराला रस्त्यावर कानात इअरफोन घालायलाच बंदी आहे. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या तिथल्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीचं स्वप्न बघणाऱ्यांनी त्याशिवाय चालवायची सवय आधीपासून ठेवावी.

चार्जिंगचं तोंड यूएसबी-सी असेल तर फोनच्याच केबलवर भागतं. काही मॉडेलना स्वतःची चुंबकी केबल लागते; ती हरवली तर औंढ्यात किंवा परांड्यात मिळणार नाही.

बटणं दाबायची हवीत, स्पर्शाची नकोत. स्पर्शाचं नियंत्रण घामाच्या थेंबाने, हेल्मेटच्या पट्टीने आपोआप चालतं, आणि हातमोजे घातले की बोटाने चालत नाही. बोटाने न बघता बटण सापडतं का, ते दुकानातच डोळे मिटून तपासा.

ब्लूटूथ ५.० किंवा पुढचं असलं की पुरे, त्यापुढच्या आकड्यांसाठी जादा पैसे देऊ नका. मोकळ्या माळावर आवाज तुटायला लागला की लोक इअरफोनला दोष देतात. कारण बहुधा दुसरं असतं. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या आणि आपलं शरीर बहुतांशी पाण्याचं. ते या लहरी शोषतं. घरात भिंतींवरून उलटून लहरी कानापर्यंत येतात, माळावर भिंतीच नाहीत. फोन पाठीमागच्या खिशात असेल तर मध्ये अख्खं धड येतं. फोन हँडलवरच्या पिशवीत ठेवा, किंवा दोन बडपैकी मुख्य, म्हणजे फोनशी थेट जोडलेला, ज्या बाजूचा असेल त्या बाजूच्या खिशात.

सातवी पायरी: खरेदी

संभाजीनगरचा मोबाइल बाजार असो की जिल्ह्याच्या गावातलं दुकान, बोन कंडक्शनच्या नावाने हजार रुपयांच्या आत मिळणारा माल संशयाने बघा. त्यात बऱ्याचदा पट्टीला लावलेले साधे छोटे स्पीकर असतात. पारख सोपी आहे. इअरफोन लावून गाणं चालू करा आणि दोन्ही कान बोटांनी बंद करा. खरा बोन कंडक्शन असेल तर आवाज कमी होणार नाही, उलट जास्त भरीव होईल. स्पीकर असेल तर आवाज एकदम पडेल.

नेकबँड साधारण हजार रुपयांच्या आसपास, हुकचे ओपन-इअर दोन-तीन हजारांपासून, आणि नावाजलेल्या कंपनीचे बोन कंडक्शन आठ हजारांपासून पुढे, असा ढोबळ अंदाज ठेवा. मधल्या किमतीत घाई करू नका.

खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोचं नोंदणी चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक बघा. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं आणि वस्तूचं नाव दिसतं. खोक्यावरच्या नावाशी ते जुळलं पाहिजे. आत लिथियमची बॅटरी आहे आणि ती तुमच्या डोक्याला चिकटून असते, म्हणून ही दोन मिनिटं वाया जात नाहीत. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. वॉरंटीत पाण्याने झालेलं नुकसान धरतात का आणि सेवा केंद्र कुठे आहे, हे आधी विचारा. हिंगोलीतून पुण्याला कुरिअर करावं लागणार असेल तर तो खर्च किमतीत मिळवूनच तुलना करा.

आठवी पायरी: घरी जोडणी, मग चाचणी

पहिल्यांदा पूर्ण चार्ज करा, फोनला जोडा आणि सर्वांत आधी फोनच्या सेटिंगमध्ये इअरफोनच्या आवाजाची कमाल मर्यादा ठरवा. आयफोनमध्ये मोठा आवाज कमी करण्याची सोय डेसिबलच्या आकड्यासह आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये आवाजाची मर्यादा नावाने सापडते. एकच बड वापरणार असाल तर सुलभता विभागातला मोनो ऑडिओ चालू करा, नाहीतर दुसऱ्या बाजूचं वाद्य किंवा बोलणं गायब होतं. नकाशा आणि ऐकायचं साहित्य फोनवर आधीच उतरवून घ्या. घाटात आवाज तुटला तर तो नेटवर्कमुळे की ब्लूटूथमुळे, याचाही निवाडा होतो: उतरवलेलं गाणं सुरळीत वाजत असेल तर दोष नेटवर्कचा.

मग अंगणात उभे राहा, नेहमीच्या आवाजात काहीतरी लावा आणि घरातल्या कुणाला तरी दहा फूट मागून साध्या स्वरात बोलायला सांगा. शब्द कळले पाहिजेत. नुसता आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, तर दोन टप्पे कमी करा. जिथे शब्द कळतील तीच तुमची रस्त्यावरची कमाल पातळी. दुसरी चाचणी रस्त्याच्या कडेला, डांबरापासून चांगलं लांब, रहदारीकडे पाठ करून. इअरफोन न लावता गाडी कितपत लांब असताना जाणवते ते आधी बघा, मग लावून बघा. फरक स्पष्ट जाणवत असेल तर आवाज आणखी कमी करा किंवा तो इअरफोन परत करा. पहिली फेरी ओळखीच्या, कमी रहदारीच्या रस्त्यावर, अर्ध्या तासाची.

रस्त्यावर असताना

काही ठिकाणी इअरफोन कोणताही असो, बंद करायचा: गावाची हद्द लागली की (वळणाच्या सूचनांपुरती सूट वर दिलीच आहे), रात्री, पावसात, घाटाच्या उतारावर, आणि गटाने चालवताना. दौलताबाद-खुलताबादचा घाट अरुंद आणि पर्यटकांच्या गाड्यांनी भरलेला. गटात मागचा माणूस ‘गाडी’, ‘खड्डा’ असं ओरडतो, ते तुम्हाला ऐकू आलं पाहिजे आणि तुम्ही पुढे पोचवलंही पाहिजे. नवरात्रात आणि कोजागरीला तुळजापूरच्या रस्त्यांवर, नाथषष्ठीला पैठणच्या रस्त्यांवर पायी चालणारे भाविक असतात. त्यांच्याजवळून जाताना घंटी वाजवा, वेग कमी करा, कान त्यांच्याकडे ठेवा.

फोन आला तर थांबा, रस्त्याच्या खाली उतरा, मग बोला. बोलताना लक्ष रस्त्यावरून जातं ते हात मोकळे असले तरी जातंच. गाण्यापेक्षा बोललेलं ऐकणं बरं, कारण शब्दांच्या मधल्या शांततेत रस्ता ऐकू येतो. आणि इलेक्ट्रिक गाड्या जवळ येईपर्यंत कळत नाहीत, म्हणून हँडलच्या उजव्या टोकाला दोन-तीनशे रुपयांचा आरसा लावाच. इअरफोन घ्यायच्या आधी आरसा घेतलात तर अधिक चांगलं.

इअरफोन लावून सायकल चालवणं कायद्यात बसतं का, असा प्रश्न विचारला जातो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या मोटार वाहनाच्या व्याख्येत साधी सायकल येत नाही. पण अपघात झाला तर इजा तुमच्याच शरीराला होते, हे कायद्याच्या कलमाने बदलत नाही.

देखभाल आणि नेहमीच्या तक्रारी

फेरीहून आल्यावर ओलसर मऊ कापडाने पुसा, मग कोरड्या कापडाने, आणि अर्धा तास हवेवर ठेवून मगच चार्जिंगला लावा. जाळी साफ करताना तोंड खाली करून कोरड्या मऊ ब्रशने झटका, म्हणजे माती आत न जाता खाली पडते. टाचणी घालू नका. सॅनिटायझर, अत्तर जाळीवर नको. कान वाहत असेल, खाज सुटली असेल तर कानात किंवा कानाच्या तोंडाशी टेकणारं काहीही वापरू नका, डॉक्टरांना दाखवा. एकमेकांचे बड वापरणं टाळा.

उन्हाळ्यात नांदेड-परभणीकडे पारा ४२ च्या वर जातो आणि उन्हात उभ्या बंद गाडीत तो ६० च्याही पुढे. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. उन्हातून आलेला इअरफोन आधी सावलीत थंड होऊ द्या. महिनाभर वापरणार नसाल तर निम्मा चार्ज ठेवून बाजूला ठेवा. पूर्ण रिकामा ठेवलेला कधीकधी पुन्हा जागाच होत नाही. चारपाचशे पूर्ण चार्जनंतर बॅटरी पूर्वीपेक्षा कमी तास टिकू लागणार, आणि बहुतेक मॉडेलमध्ये ती बदलता येत नाही.

एका बाजूचा आवाज बारीक झाला तर बहुधा जाळीत मळ असतो, स्पीकर गेलेला नसतो. घरी आल्यावर इअरफोन फोनला जोडला जात नसेल तर तो घरातल्या दुसऱ्या फोनला किंवा टीव्हीला जोडला गेलाय का ते बघा. दुसरीकडचं ब्लूटूथ बंद केलं की काम होतं. एक बड चार्जच होत नाही, ही सर्वांत नेहमीची तक्रार, आणि तिचं कारण घामाच्या मिठाचा थर. डबीतली आणि बडवरची धातूची टोकं किंचित ओल्या केलेल्या कापसाच्या काडीने पुसा, कोरड्या काडीने पुन्हा पुसा, तासभर उघडं ठेवा. टोक हिरवट किंवा काळं पडलं असेल तर खरवडू नका. मुदत शिल्लक असताना बिलासकट सेवा केंद्रात द्या.